गोरखमुंडी गिळणारं घराणं

माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये एक सोय आहे. कुठल्याही झाडापाल्यासमोर मोबाइल धरला की त्याचं नाव, गाव, खानदान सगळं पडद्यावर हजर होतं. बाबांचं शेत आता तोच करतो. परवा लाखोरीच्या डाळीचं पीक उपटून मोकळ्या झालेल्या बांधीत आम्ही दोघं उभे होतो. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेला धानाचा तुकडा. आमच्याकडे शेत असं तुकड्यातुकड्यांनीच असतं. पायाखाली ओल्या मातीत पसरलेलं, खरखरीत पानांचं, जांभळ्या गोट्यांचं एक झुडूप त्याने टिपलं आणि मोठ्या उत्साहाने म्हणाला, "मावशी, हे पाय, स्फेरॅन्थस! सूर्यफुलाच्या कुळातलं आहे म्हंते." मी म्हटलं, "बाळा, तुझ्या मोबाइलले सांग, मी ह्या स्फेरॅन्थसच्या मुठीच्या मुठी पोटात घातल्या आहेत. आमच्या कुळाले इचार त्याच्या कुळाचं." त्याला काही कळलं नाही. त्याच्या पिढीला डोळे आले तर मेडिकलमधून थेंब आणतात. आमच्या घरी डोळ्यांचा सगळा कारभार ह्या एका झुडपाच्या हाती होता, आणि त्याने तो कसा सांभाळला हे मला सांगायचं आहे.

गोरखमुंडी तिचं नाव. धान निघालं, बांध्या वाळायला लागल्या की ती कोणी न बोलावता उगवते. बोराएवढ्या गोल गोट्या, आधी हिरव्या, मग जांभळ्या. ती गोटी एक फूल नसतं, बारीक बारीक फुलांची दाटीवाटी असते. वास असा की म्हैससुद्धा तोंड फिरवून जाते. आमच्या भागात म्हातारी माणसं सांगत, ताजी मुंडी दात न लावता सबंध गिळली की वर्षभर डोळे येत नाहीत. इतर घरांत एखाददुसरी गिळून लोक आपापल्या कामाला लागत. बाबांचा स्वभाव तसा नव्हता. एका मुंडीने एक वर्ष, तर मूठभर मुंड्यांनी किती, असा हिशेब त्यांनी मांडला आणि दरवर्षी त्यात भर घालत गेले. त्यांच्या हिशेबाने त्यांचे डोळे त्यांच्या मरणानंतरही बरीच वर्षं शाबूत राहणार होते. राख सावडायला येणाऱ्यांनी ते कुठे ठेवायचे, एवढंच ठरवायचं बाकी होतं.

होळीच्या आधी एखाद्या सकाळी बाबा शेतावरून धोतराच्या सोग्यात मुंड्या घेऊन येत. माय, मंगलाताई आणि मी अंगणात रांगेने उकिडव्या बसायचो. रिकाम्या पोटी एकेक मुंडी जिभेवर ठेवायची, मान वर करायची, ताकाचा घोट घ्यायचा आणि डोळे मिटून ढकलायची. दात लागला तर तोंडात कापूर, कारलं आणि ओलं पोतं एकदमच उघडल्यासारखं वाटे. शिवाय दात लागलेली मुंडी बाबा मोजत नसत, तिच्या जागी दुसरी द्यायचे. दिवसभर ढेकर येत आणि ढेकरांना बांधीचा वास येई. त्या दिवशी शाळेत माझ्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. दुपारी माय लाखोरीच्या डाळीचे वडे तळायची, तोंडाची चव परत यावी म्हणून. आता ह्या वयात मला तेल वर्ज्य आहे, पण त्या वड्यांसाठी मी आजही मुंडी गिळायला तयार आहे. डॉक्टरांना मी हे सांगितलेलं नाही.

बाबांचा अभिमान असा की आमच्या घराण्यात कधी कोणाला चष्मा लागला नाही. हे शब्दशः खरं होतं. चष्मा लागला नव्हता, कारण कोणी डोळे तपासलेच नव्हते. आम्ही घरातले सगळेच्या सगळे लांबचं न दिसणारे होतो आणि आमच्यापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. जवळचं आम्हाला उत्तम दिसायचं. माय चिमणीच्या उजेडात सुई ओवायची, ताई तांदळातला खडा पाहता पाहता वेचायची, बाबा धानाच्या लोंबीवरची कीड बोटावर घेऊन तिचे पाय दाखवायचे. ह्याहून चांगले डोळे ते काय असणार! पन्नास पावलांपलीकडे मात्र जग संपून त्याची भाजी होत असे. झाड म्हणजे एक हिरवा गोळा, माणूस म्हणजे एक उभा डाग. माय आम्हाला चपलांच्या आवाजावरून ओळखायची. बाबा रस्त्याने जाताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आधीच रामराम घालत, न जाणो कोणी मोठा माणूस असायचा. त्यामुळे गावातल्या बऱ्याच म्हशींना आणि एका बुजगावण्याला त्यांचा नियमित रामराम मिळे. लोक म्हणत, किती नम्र माणूस! मला वाटे जग असंच असतं आणि आकाशात चांदण्या असतात हे पुस्तकवाल्यांनी शोभेसाठी लिहिलेलं असतं.

नववीत मी उंच झाले आणि सरांनी मला मागच्या बाकावर बसवलं. तिथून फळा म्हणजे एक काळी चादर होती. चादरीवर सर खडूने काहीतरी करत, पोरं वहीत उतरवून घेत आणि मला ती पोरं अंतर्ज्ञानी वाटत. गणितात मी सपाटून आपटू लागले. गणिताचे सर वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती. एकदा बाजारात बाबा भेटले तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "पोरगी कामाची आहे, पण डोक्याची नाही. दहावी काही निघत नाही तिच्याच्यानं. कायले फी भरून राहिले?" बाबांनी घरी येऊन ते तसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाले, "ह्या परीक्षेपर्यंत जाऊ दे. मंग रोवण्याले येईन." म्हणजे धानाच्या लावणीला. मला शाळेची फार ओढ होती असं मी म्हणणार नाही. विद्येच्या ओढीने रडलेल्या मुलींच्या गोष्टी वाचल्या की मला त्यांचा हेवा वाटतो. मला फक्त एवढं पक्कं ठाऊक होतं की शाळेत बसायला सावली आहे आणि बांधीत गुडघाभर चिखल, वर ऊन आणि पोटरीला जळू. शाळा सुटली की मी त्या चिखलात उभी राहणार ती एकदम कोणाच्या तरी घरच्या चिखलात जाऊन पडणार, हे मला मंगलाताईकडे बघून कळत होतं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तिला स्थळं यायला लागली होती. मी फार घाबरले होते.

त्याच सुमारास शाळेत डोळे तपासायला जीपमधून माणसं आली. व्हरांड्याच्या टोकाला अक्षरांचा तक्ता टांगला आणि एकेकीला उभं करून वाचायला लावलं. आता शहाणी मुलगी असती तर म्हणाली असती, मला दिसत नाही. पण मी गोरखमुंडीच्या घराण्यातली. डोळ्यांत नापास होऊन घरी जायचं म्हणजे बाबांचं नाक कापायचं, शिवाय गणितात आधीच आपटलेली. माझ्यापुढे रांगेत बऱ्याच मुली होत्या, त्यांनी मोठ्याने म्हटलेली अक्षरं मी ऐकत गेले. माझी पाळी आली तेव्हा सगळा तक्ता मला आरतीसारखा पाठ होता. मी वरून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला, अगदी तळाची मुंगीएवढी ओळसुद्धा, जी सांगायला मला कोणी सांगितलंच नव्हतं. जीपमधल्या बाई म्हणाल्या, "नजर एकदम तेज आहे." सरांनी ते ऐकलं आणि त्यांची खात्रीच पटली की डोळ्यांत दोष नाही, म्हणजे डोक्यातच आहे. बाबांनी गावभर सांगितलं. "मुंडी होय मुंडी," ते म्हणायचे, "माही पोरगी मुंगी वाचते मुंगी!"

त्याच तेज नजरेने आमच्यावर तो प्रसंग आणला. पवनीकडचं एक स्थळ मंगलाताईला पाहायला येणार होतं. मायचा मावसभाऊ मध्यस्थ, तोच त्यांना घेऊन येणार होता. पण आदल्या संध्याकाळी त्याला ताप भरला. त्याने निरोप पाठवला की दुपारच्या बसने तिघं जण येतील, पांढऱ्या कपड्यांत, मुलाच्या गळ्यात लाल दुपट्टा असेल. आमच्यापैकी कोणीच त्यांना पाहिलेलं नव्हतं. घरात पहाटेपासून तेलाचा घमघमाट. वडे, वांग्याची भाजी, नव्या तांदळाचा भात, खीर. ताईला मायची लग्नातली साडी नेसवली. बस थांबते तो फाटा आमच्या अंगणातून बराच लांब दिसतो, म्हणजे इतरांना दिसतो. बाबा म्हणाले, "कुंदे, तू दारात उभी राय. तुह्याइतके डोळे कोणाचेच नाहीत. लाल दुपट्टा दिसला का आवाज दे."

मी दारात उभी राहिले. फाट्याच्या दिशेला एक मोठा लाल डाग येऊन थांबला. त्याच्या पुढे पांढरे डाग हलू लागले. पांढरं होतं, लाल होतं. मला आणखी काय हवं होतं? "आले!" मी ओरडले. लाल डाग म्हणजे एसटी होती हे माझ्या डोक्यात आलंच नाही. पांढरे डाग आमच्या बाजूने आले तशी त्यांची तीन माणसं झाली, तिघंही म्हातारी, टोपीवाली. खालच्या मोहल्ल्यात सीताराम बुवांची त्या दिवशी तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, होती आणि हे त्यांचे कुठले तरी लांबचे सोयरे, आमच्या गावात पहिल्यांदाच आलेले. रस्त्यात त्यांना दारात माणसं उभी असलेलं, आत स्वयंपाक चालू असलेलं घर दिसलं. "हेच का घर?" त्यांनी विचारलं. "हेच, हेच! या, या," म्हणून बाबांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

मुलगा आला नाही हे बाबांच्या ध्यानात आलं, पण पहिल्या भेटीत कसं विचारायचं? पाहुणे गंभीर होते, खाली मान घालून बसले होते. बाबांना ते फार खानदानी वाटले. थोड्या वेळाने त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने सुस्कारा टाकला, "लय वाईट झालं बाप्पा." बाबांना वाटलं मध्यस्थाच्या तापाबद्दल बोलून राहिले.

"हाव ना जी. एकाएकी चढला ताप."

"किती दिवस होता?"

"दिवस कायचे! काल सांजच्यालेच."

"अरे देवा," म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. तेरा दिवसांचा आणि कालच्या तापाचा मेळ त्यांनी कसा घातला कोण जाणे. तेरवीच्या घरी जास्त विचारू नये, एवढी रीत ते पाळत होते. तेवढ्यात ताई पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली, मान खाली. वडीलधाऱ्या म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळेच भरून आले. "धीर धर पोरी," ते म्हणाले, "सगळ्याइलेच जा लागते एक दिवस." ताईला वाटलं सासरी. तिने हुंदका दिला. माय आतून ऐकत होती, ती मला म्हणाली, "काय मायाळू माणसं आहेत वं!" आणि पदराने डोळे पुसत वडे वाढायला गेली. पाहुणे निमूटपणे जेवले. हात धुतले. मग त्यांच्यातल्या एकाने पिशवीतून शेवंतीचा हार काढला आणि विचारलं, "फोटो कोठी ठेवला जी?"

"कोणाचा फोटो?" बाबा म्हणाले.

"बुवाचा."

पुढच्या घडीभराचं वर्णन मी करत नाही. खऱ्या पाहुण्यांचं काय झालं ते आमचा शेजारी डोमाजी काका सांगत आला. ते त्याच बसने उतरले होते, फाट्यावर पान खायला थांबले होते. गळ्यात लाल दुपट्टा असलेला तरणा पोरगा, बाप आणि काका. आमच्या दारापर्यंत येऊन त्यांनी आत पाहिलं, तर पांढऱ्या कपड्यातली म्हातारी माणसं रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बसलेली. घरात मयत झालं असं त्यांना वाटलं. मयताच्या घरी सोयरीक बोलायची नाही, म्हणून ती भली माणसं उलट्या पावली फाट्यावर गेली आणि परतीच्या बसने निघूनही गेली. "मी तं आवाज देऊन राह्यलो होतो तुमाले," डोमाजी काका म्हणाला, "तुमी माह्याकडं पाह्यलं, अन् हात जोडून रामराम केला."

बाबा माझ्याकडे वळले. "तुले दिसलं नाही? लाल दुपट्टा नव्हता, तं आवाज काहून देल्ला?" मी रडत सगळं सांगून टाकलं. फळा दिसत नाही, फाटा दिसत नाही, तक्ता ऐकून पाठ केला होता. बाबा ऐकायलाच तयार नव्हते. त्यांनी मला दंडाला धरून अंगणाबाहेर काढलं आणि तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडाकडे बोट केलं. "त्या झाडाच्या शेंड्यावर काय आहे, सांग!" मला झाडच धड दिसत नव्हतं, पण काहीतरी पांढुरकं होतं. मी म्हटलं, "काही तरी आहे." बाबा म्हणाले, "काही तरी काय? बगळा आहे बगळा!" मागून माय म्हणाली, "बगळा कायचा जी, कोणाचं धोतर उडून अटकलं." ताई डोळे पुसत म्हणाली, "फुलं आहेत." डोमाजी काका आमच्याकडे आळीपाळीने पाहत होता. मग तो पोट धरून हसायला लागला. "अबे, प्लास्टिकची थैली होय ते! पोळ्यापासून तठीच आहे! अख्खं खानदानच आंधळं होय बे तुमचं!"

बाबा मोहाकडे बघत राहिले. त्यांना ती थैली बगळाच दिसत असणार. घरात आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चष्मेवाल्या पोरीले कोण करते?" त्यावर माय जे बोलली ते मी तिच्या तोंडून त्याआधी आणि त्यानंतरही कधी ऐकलं नाही. ती म्हणाली, "बिनचष्म्याच्या पोरीले कोणं केलं? दारातून गेले ना पावणे! उद्या घेऊन जा तिले भंडाऱ्याले. नाही तं मी जातो." बाबा वडा खात होते, तो त्यांनी ताटात ठेवला.

भंडाऱ्यात मला जाड काचांचा चष्मा मिळाला. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी समोरच्या पिंपळाकडे पाहिलं आणि त्याला पानं होती. एकेक वेगळं, हलणारं, टोकदार पान. मी तिथेच उभी राहून हसत सुटले, बाबा लाजेने म्हणाले, "चाल वं, लोक पाहून राह्यले." लोक पाहत होते हे मलाही दिसत होतं, त्यांच्या मिशांसकट. तो आनंद मला आजही जशाचा तसा आठवतो. गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता नवं जग दिसेल. मी त्यांना म्हटलं, ते मी एकदा पाहून ठेवलं आहे.

चष्मा आणला त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर बाबांनी, कोणी बघत नाही असं पाहून, माझा चष्मा कोनाड्यातून उचलला आणि लावला. मी खाटेवर पडून बघत होते, त्यांना कसं कळणार! माय अंगणाच्या पलीकडे भांडी घासत होती. बाबा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तू लय थकली वं." मायने मान वर केली नाही. "आता दिसलं तुमाले?" ती म्हणाली आणि घासत राहिली. बाबांनी चष्मा काढून धोतराने पुसला आणि पुन्हा कोनाड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर शाळेत आले. ते शाळेच्या फाटकाच्या आत पहिल्यांदाच येत होते. सरांना त्यांनी सांगितलं की पोरीला डोळेच नव्हते, डोकं तपासायचं असेल तर आता तपासा. सरांनी फळ्यावर एक गणित लिहिलं आणि मला मागच्या बाकावर उभं केलं. मी ते आकड्या-चिन्हांसकट खणखणीत वाचलं. वर्गातली पोरं वळून पाहू लागली. मग सर म्हणाले, सोडव. मी फळ्यापाशी गेले, खडू घेतला आणि ते गणित पार चुकवलं. इतकं चुकवलं की सरांना ते पुसताना दोन्ही हात लागले. ते हताश होऊन बाबांना म्हणाले, "आता दिसतं, पण येत नाही."

बाबा दारात टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, म्हणजे त्या काळ्या चादरीकडे. "दिसून राह्यलं ना तिले?" ते म्हणाले. "मंग येईन हळूहळू. आता कुठं पाहाले लागली ते. शाळेतच राहू द्या."

सरांनी मला पुढच्या बाकावर बस म्हणून खुणावलं. मी नको म्हटलं आणि मागच्याच बाकावर जाऊन बसले. तिथून फळा दिसत होता, आणि खिडकीतून शेताकडे परत निघालेले बाबाही.